हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार : पहिली तपासणी कशी होते

या पुस्तिकेतून दर्शनाच्या वेळा, भक्तनिवास, महाप्रसाद व देणग्यांविषयीची माहिती आपणांस दिली जाते. या खेपेस विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने आरोग्यविषयक एक लेख समाविष्ट करीत आहोत. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. संस्थानच्या तपासणी कक्षात सेवाभावाने येणाऱ्या डॉक्टरांकडून वारंवार विचारून घेतलेले आणि त्यांच्या नजरेखालून गेलेले तेवढेच येथे लिहिले आहे. हा लेख वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे प्रथमच नमूद करतो.

लेख लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी चैत्रातील यात्रेच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी सपत्नीक कार्यालयाच्या खिडकीशी आले. छातीत गॅस धरला आहे, थोडा सोडा मिळेल काय, एवढीच त्यांची विचारणा होती. चेहरा घामाने डबडबलेला होता. पण परभणीचा चैत्र म्हणजे घाम कोणास येत नाही? मी त्यांना पंख्याखाली बसविले, जिऱ्याचा सोडा मागविला आणि पावत्यांच्या कामास लागलो. त्यांच्या पत्नी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, चार दिस झाले, शेताच्या वाटंला थांबून थांबून चालायलेत हे." मी ते ऐकले, परंतु त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. दोन तासांनंतर त्यांना उलटी झाली, तेव्हा कोठे जीपमधून रुग्णालयात नेण्यात आले. तेथे ईसीजी काढताच हृदयविकाराचा झटका असल्याचे स्पष्ट झाले. ते गृहस्थ वाचले. दरवर्षी दर्शनास येतात. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाल्याने दहा पायऱ्या चढून बसावे लागते, आणि औत हाकणे तर सुटलेच. त्या माऊलींचे ते एक वाक्य म्हणजेच संपूर्ण निदान होते, असे डॉक्टरांनी मला पुढे सांगितले.

हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. हृदय हा स्नायूंचा पंप असून त्या स्नायूंनाही रक्त लागते. ते पुरविणाऱ्या रोहिण्या आतून चरबीच्या थराने अरुंद झाल्या की विश्रांतीच्या वेळी पुरणारे रक्त चालताना, चढ चढताना, ओझे उचलताना पुरेनासे होते, आणि छातीत दाटल्यासारखे होऊन माणसाला थांबावे लागते. थांबले की बरे वाटते. १७६८ मध्ये विल्यम हेबर्डन या इंग्लिश वैद्याने लंडनमधील आपल्या सहकाऱ्यांपुढे या दुखण्याचे वर्णन वाचून दाखविले आणि ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, हे दुखणे उठते व उभे राहताच शमते, हे त्यांचे निरीक्षण होते. त्यांच्यापाशी आजच्या अर्थाने एकही यंत्र नव्हते. रुग्णाला विचारणे आणि त्याचे ऐकून घेणे एवढेच साधन होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आजही येथूनच आरंभ करतात. त्यांचे मुख्य प्रश्न तीनच. दुखणे छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे, आवळल्यासारखे असून ते मान, जबडा, खांदा वा हातात जाते काय? श्रमाने ते उद्भवते काय? थांबल्यावर पाचएक मिनिटांत ओसरते काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर ते दुखणे हृदयाचे असण्याची शक्यता बरीच मोठी. दोनच जुळली तर संशय राहतो आणि पुढील तपासण्या ठरतात. सुई टोचल्यासारखी, बोटाने दाखविता येणारी, कूस बदलताच वाढणारी वेदना बहुधा बरगड्यांची वा स्नायूंची असते. १९६२ मध्ये जेफ्री रोझ यांनी अशाच प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गावोगाव फिरणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनाही ती विचारता यावी, अशी तिची रचना आहे. मला त्या दिवशी ती ठाऊक असती तर सोड्याची बाटली आणविली नसती.

येथे एक सावधगिरीची सूचना आहे. स्त्रिया, वयोवृद्ध आणि मधुमेही यांच्यात हे दुखणे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे येईलच असे नाही. केवळ दम लागणे, मळमळ, अकारण गळून जाणे, पाठीत वा जबड्यात अवघडणे एवढेच होते; आणि आपल्याकडील स्त्री तर उपवास व दगदग यांवर सारे ढकलून रांगेत उभी राहते. पूर्वी दोन शेते ओलांडणारा माणूस आता एकाच शेतात दमतो, असा अलीकडे झालेला बदल डॉक्टरांना आवर्जून सांगावा. पुष्कळदा तो स्वतः रुग्ण सांगत नाही, घरचे माणूस सांगते. म्हणून तपासणीस जाताना सोबत कोणी असावे.

श्रमाने येणारे व विश्रांतीने जाणारे दुखणे हा इशारा होय. विश्रांती घेऊनही न थांबणारे दुखणे मात्र झटका समजूनच चालावे लागते. अरुंद झालेल्या रोहिणीतील थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि पुढील स्नायूंचा पुरवठा तुटतो. अर्ध्या तासाच्या आसपास तो स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, त्याच्या जागी व्रण राहतो. म्हणूनच छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघावा, असा सर्वमान्य दंडक आहे. केसपेपर, पावती, रांग हे सर्व त्यानंतर. ईसीजीत विशिष्ट बदल दिसल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देता येते. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा लाभ सर्वाधिक, आणि बारा तासांनंतर सहसा ते दिले जात नाही. परभणीहून नांदेड सुमारे ७५ किलोमीटर आणि छत्रपती संभाजीनगर सुमारे २०० किलोमीटर आहे. त्यामुळे अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास मनात धरून जवळच्या ठिकाणी पहिला ईसीजी टाळणे, हा आपल्या भागातील सर्वांत महागडा निर्णय ठरतो. जवळ काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञास मोबाईलवर दाखविता येतो. गुठळी मात्र वाट पाहत नाही.

ईसीजीविषयी एक मोठा गैरसमज आढळतो. कित्येक भाविक पिशवीत प्लास्टिकमध्ये जपलेला दोन-तीन वर्षांपूर्वीचा ईसीजी बाळगतात आणि तो 'नॉर्मल' असल्याचे प्रशस्तिपत्रासारखे दाखवितात. ईसीजी म्हणजे त्या काही क्षणांतील हृदयाच्या विद्युतप्रवाहाची नोंद. विश्रांतीच्या वेळी तो निर्दोष आला म्हणून रोहिण्या मोकळ्या आहेत, असे सिद्ध होत नाही. एवढेच नव्हे, तर झटक्याच्या प्रारंभी काढलेला पहिला ईसीजीही कधीकधी निर्दोष दिसतो. म्हणून दुखणे चालू असल्यास तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन नावाचा रक्तातील घटक तपासतात. हा घटक वाढण्यासही काही तास लागतात. तेव्हा एक कागद चांगला आला म्हणून रुग्णाने उठून निघून जाऊ नये. जुना ईसीजी टाकून मात्र देऊ नये. नव्याशी ताडून पाहण्यास तो फार उपयोगी पडतो.

रक्तदाब मोजण्याची रीत

आता रक्तदाबाकडे वळू. येथे संस्थानची एक चूक प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आरंभीच्या एका शिबिरात आम्ही दर्शनाच्या रांगेतच टेबल मांडून एका सकाळी चारशेहून अधिक भाविकांचा रक्तदाब मोजला आणि तो आकडा वार्षिक अहवालात अभिमानाने छापला. पुढे नव्याने येऊ लागलेल्या डॉक्टरांनी ती वही पाहिली व शांतपणे मिटून ठेवली. पायऱ्या चढून आलेला, उन्हात उभा असलेला, नुकताच चहा व तंबाखू घेतलेला माणूस उभ्यानेच मोजला, तर त्या आकड्याने काहीच कळत नाही, असे ते म्हणाले. निरोगी माणूस घाबरून घरी जातो आणि खरा रुग्ण गर्दीत हरवतो.

खरी रीत अशी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात टेबलावर हृदयाच्या पातळीत असावा. तो दहा सेंटिमीटर खाली लोंबकळला तरी आकडा सात-आठ अंकांनी वाढतो. दंडाचा पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर खोटा रक्तदाब मिळतो. मोजताना बोलू नये, आणि आमच्या कक्षात सर्वांत कठीण पाळणूक हीच ठरते. दोनदा मोजावे, पहिल्या खेपेस दोन्ही दंडांवर मोजून ज्या बाजूचा आकडा अधिक तो धरावा. दोन्हींत पंधरा-वीस अंकांचा फरक कायम राहिला तर रक्तवाहिनीच अरुंद असल्याची शंका घेतात. वृद्धांचा रक्तदाब उभे राहिल्यावरही पाहावा, कारण रांगेत चक्कर येऊन पडणाऱ्यांत उभे राहताच वरचा आकडा वीस वा अधिकने घसरणारे पुष्कळ असतात. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आढळला तर उच्च रक्तदाब म्हणतात. १८०/११० च्या वर गेल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये सिद्ध केले, आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा व खालचा असे दोन आकडे काढण्याची रीत रशियन शल्यवैद्य कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये दाखविली. औषधांच्या इतिहासात मात्र आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या वैद्यकपरंपरेतील वनस्पतीचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. मन खिन्न होण्यासारख्या दुष्परिणामांमुळे आणि अधिक सोईची औषधे आल्याने सर्पगंधेचा वापर पुढे मागे पडला. तेव्हा कोणी आजही तिच्या पुड्या विकत असेल तर त्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

औषधे आली तरी ती रुग्णापर्यंत नियमित पोहोचणे हा प्रश्न वेगळाच. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे चार जिल्हे घेण्यात आले. त्यात नवे यंत्र कोणतेही नव्हते. सर्व केंद्रांत एकच ठरलेली उपचारपद्धती, पहिल्या पायरीला अ‍ॅम्लोडिपिनची साधी गोळी, दाब न उतरल्यास मात्रा वाढविणे वा दुसरे औषध जोडणे, महिनाभराची औषधे एकदम देणे, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे आणि जो पुन्हा आला नाही त्याला शोधून काढणे, एवढेच ते काम. माझ्यासारख्या आयुष्यभर नोंदवह्या सांभाळणाऱ्यास यातील शेवटची गोष्ट विशेष भावली. गैरहजर माणसाचे नाव वहीत दिसणे, हीच तेथे उपचाराची अर्धी बाजू आहे.

आपल्या गावातही आशाताई घरोघरी येऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरातील आजार यांना त्यात गुण दिलेले असतात. बेरीज चारपेक्षा अधिक झाल्यास तपासणीस अग्रक्रम मिळतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की गुण वाढतात. उत्तरे देताना तंबाखू लपवू नये. तक्ता शेजाऱ्यांना दाखविण्यासाठी नसतो.

यामागील विचार मला फार समंजस वाटतो. एकेक आकडा सुटा पाहिला तर कोणताच फार वाईट दिसत नाही. रक्तदाब १४८, वजन थोडे जास्त, दिवसाला पाच-सहा विड्या, वय अठ्ठावन्न. प्रत्येकाविषयी "एवढ्याने काय होते" असे म्हणता येते. पण चारही एका माणसात एकत्र आले की धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दक्षिण आशियासह जगातील विविध भागांसाठी स्वतंत्र तक्ते प्रसिद्ध केले. त्यांवरून पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका येण्याची शक्यता शेकडा किती, ते रंगांनी कळते. पाच टक्क्यांच्या आत हिरवा, तेथून पिवळा, नारिंगी व तांबडा, आणि तीस टक्क्यांपुढे गडद तांबडा. त्यातील एका प्रकारात रक्ताची तपासणीही लागत नाही. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजनाचे प्रमाण एवढ्यावर काम होते. ४० ते ७४ वयोगटासाठी तो तक्ता आहे. ज्यांना आधीच झटका येऊन गेला आहे त्यांनी तो पाहू नये; त्यांचा धोका मुळातच मोठा धरला जातो.

पायांतील रक्तवाहिन्या

पायी वाऱ्या करणाऱ्यांसाठी हा भाग मुद्दाम लिहीत आहे. गंगाखेडहून संत जनाबाईंची पालखी पंढरपुरास जाते. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखीही परभणी-गंगाखेड मार्गे पुढे सरकते. दिंडीत चालणाऱ्या काहींना ठराविक अंतरानंतर पोटरीत गोळा येतो, थांबावे लागते, दोन-चार मिनिटांत तो जातो, पुन्हा तेवढ्याच अंतरावर येतो. लोक याला वात म्हणून तेल चोळतात. हेबर्डनने छातीविषयी जे लिहिले तेच येथे पायाविषयी घडत असते, म्हणजे रक्त अपुरे पडते. अशा माणसाच्या हृदयाच्या व मेंदूच्या रोहिण्याही बहुधा निर्दोष नसतात. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूस व घोट्याच्या आतील बाजूस नाडी चाचपून पाहतात. ती लागत नसेल तर घोट्याचा रक्तदाब मोजून दंडाच्या रक्तदाबाशी भागाकार करतात; तो ०.९ पेक्षा कमी आल्यास पायाची रोहिणी अरुंद आहे असे समजतात. विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत बर्जरचा विकार म्हणून ओळखली जाणारी एक निराळी व्याधी होते. तीत पायाची, कधी हाताची बोटेही काळी पडून गमवावी लागतात. तिचा एकच खरा उपाय आहे, तंबाखू कायमची सोडणे. दिवसाला एक विडी ठेवली तरी ती पुढे सरकते.

मधुमेही भाविकांनी अनवाणी चालण्याचा नवस बोलण्यापूर्वी आपल्या पायांची संवेदना व नाडी तपासून घ्यावी. बधिर पायास तापलेली फरशी कळत नाही. चैत्र-वैशाखात आम्ही प्रदक्षिणेच्या मार्गावर काथ्याची चटई अंथरून पाणी मारतो, ते याचसाठी.

नाडी अनियमित लागणे, रात्री दम लागून उठून बसावे लागणे, दोन्ही पायांवर सूज, एकाएकी तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे वा बोबडी वळणे, यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. पक्षाघातात गुठळी विरघळविण्याची मुदत साडेचार तासांचीच असते आणि त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन लागते, हे मात्र लक्षात ठेवावे. लहान मुलांत घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून ताप आला आणि डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचा दोष सांगितला, तर पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, कित्येक वर्षे, न चुकता द्यावे लागते. मूल खेळू लागले म्हणून आई-वडील ते बंद करतात, आणि झडप पुन्हा बिघडते.

देणगीदारांसाठी

गेल्या काही वर्षांत आरोग्यसेवेसाठी देणगी देऊ इच्छिणारे बहुतेक दाते एखादे मोठे यंत्र द्यावे, त्यावर नावाची पाटी असावी, अशी इच्छा व्यक्त करतात. त्यांचा भाव आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु आमच्या डॉक्टरांनी दिलेली यादी फार साधी निघाली. प्रमाणित रक्तदाबमापक दोन, लहान, मध्यम व मोठ्या मापाचे पट्टे, एक ईसीजी यंत्र व त्याचा कागद, साखर तपासण्याच्या पट्ट्या, पाठ टेकता येईल अशा चार खुर्च्या, आणि ईसीजी काढण्याचे शिक्षण घेतलेली एक व्यक्ती, जी यात्रेच्या दिवशी दर्शनाच्या व्यवस्थेला लावली जाणार नाही. शेवटच्या अटीवर विश्वस्त मंडळात बराच खल झाला. ती मान्य झाली आहे. खुर्च्यांवर कोणाचे नाव घालावे हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

छातीत दुखू लागल्यास भाविकांनी जागेवरच बसावे, पायऱ्या उतरू नयेत, जवळच्या सेवेकऱ्यास सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ॲस्पिरिनची गोळी फोनवर डॉक्टरांनी सांगितल्यास चावून खावी. परभणीत जिल्हा रुग्णालय असून २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिका व आधार कार्ड लागते, ते प्रवासात जवळ असावे.

तपासणी कक्ष यात्रेच्या दिवशी उघडा असतो. येताना जुने ईसीजी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि घरचे एक माणूस सोबत आणावे. गोळीचे नाव आठवत नसल्यास रिकामी पट्टी आणली तरी चालेल. रंगावरून औषध ओळखता येत नाही.